अकरा मतांचा ताळा

निवडणुकीत खोटं कोण बोलतं, असं विचारलं तर शंभरातले नव्याण्णव लोक उमेदवाराकडे बोट दाखवतील आणि उरलेला शंभरावा स्वतःच उमेदवार असेल. माझं मत जरा वेगळं आहे. (इथे 'मत' हा शब्द मी अभिप्राय या अर्थाने वापरतो आहे. दुसऱ्या अर्थाच्या मताबद्दल पुढे सांगायचंच आहे, आणि तिथे माझी जरा पंचाईत आहे.) उमेदवार बिचारा दहा-बारा आश्वासनं देतो, ती छापून देतो, वर स्वतःचा हात जोडलेला फोटो लावतो. म्हणजे खोटं ठरलं तर पुरावा आपल्या रद्दीत शाबूत. मतदार मात्र एकच आश्वासन देतो. "मत तुम्हालाच!" तेही दारात उभं राहून, हसतमुखाने, निव्वळ तोंडी. आणि तेच वाक्य तो एका संध्याकाळी चार पक्षांच्या चार माणसांना, आवाजाची पट्टीसुद्धा न बदलता ऐकवतो. एकच फ्लॅट चार गिऱ्हाइकांना विकणाऱ्या बिल्डरला आपण तुरुंगात घालायला निघतो. एकच मत चार उमेदवारांना देऊन बसलेल्या माणसाला आपण 'सुजाण नागरिक' म्हणतो.

मी राहतो बोळिंजला. विरार स्टेशनवरून पश्चिमेला आगाशी-अर्नाळ्याच्या रस्त्याला लागलं की वाटेत लागतं. एके काळी इथे वाड्या होत्या, केळी होती, पानवेली होत्या. आता इमारती आहेत आणि त्यांना वाड्यांची नावं आहेत. पलीकडे म्हाडाची वसाहत उभी आहे. मुंबईत म्हाडाची लॉटरी लागली की माणूस पेढे वाटतो. आमच्या इथल्या घरांना मात्र कित्येक वर्षं गिऱ्हाईकच मिळेना. लॉटरी लागलेले लोक घर पाहायला यायचे, नळ उघडून पाहायचे आणि परत जायचे. कारण आमच्या भागाचं सगळं राजकारण, समाजकारण आणि अध्यात्म त्या नळात आहे. उसगाव, पेल्हार, पापडखिंड ही नावं इथल्या पोरांना बाराखडीआधी येतात. सूर्या धरण हे आमचं सूर्यनारायणाच्या खालोखालचं दैवत.

आता मुख्य गोष्ट. वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली. तिची दुसरी निवडणूक जून २०१५ मध्ये होती. जागा एकशेपंधरा, दर वॉर्डाला एक नगरसेवक, दर मतदाराला एक मत. आणि या निवडणुकीला आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अपक्ष म्हणून उभे राहिले. निशाणी मिळाली कपबशी.

सेक्रेटरींचं नाव मी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण आमच्याकडे त्यांना नावाने कुणीच ओळखत नाही. सोसायटीत सेक्रेटरी होणं हे मुळात शिक्षेचं काम. पण हा गृहस्थ पंधरा वर्षं ती शिक्षा हौसेने भोगत होता. पहाटे पंप लावणं, टँकरवाल्याशी भांडणं, गच्चीवर कुणी पापड वाळत घातले आणि कुणी त्यावर चालला याची चौकशी करणं, सगळं एकहाती. महापालिकेच्या कचेरीत त्यांना शिपायापासून सगळे ओळखायचे आणि पाहताच लपायचे. असा माणूस नगरसेवक झाला तर काय बहार होईल, असं आम्ही सगळे जिन्यात म्हणायचो. चूक त्यांची एवढीच, की त्यांनी ते खरं मानलं.

माझ्यावर तर त्यांचा आणखी एक उपकार होता. २०१२ च्या पावसाळ्यात एका रात्री दोन वाजता माझ्या वडिलांच्या छातीत कळ आली. बाहेर मुसळधार, रस्त्यावर गुडघाभर पाणी, एकही रिक्षा यायला तयार नाही. सेक्रेटरींनी आपली जुनी ओम्नी काढली. गाडी पाण्यात दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा ते लेंगा वर खोचून खाली उतरले आणि मला म्हणाले, "तुम्ही बाबांजवळ बसा, ढकलायचं मी बघतो." इस्पितळाच्या बाकावर ते पहाटेपर्यंत बसून होते. साडेपाचला उठले, कारण सहाला पाणी येणार होतं आणि पंपाची किल्ली त्यांच्या खिशात होती. वडील त्यानंतर सहा वर्षं जगले. (त्यांचं मत इथे नव्हतं. त्यांचं नाव मरेपर्यंत गावच्या यादीत होतं, आणि नंतरही काही वर्षं.)

एवढं सगळं सांगितल्यावर कुणीही म्हणेल, मग प्रश्नच कुठे आला? मत सेक्रेटरींनाच. मीही तेच म्हटलं. त्यांना म्हटलं, त्यांच्या मिसेसना म्हटलं, जिन्यात, गच्चीत, विरार लोकलमध्ये एका पायावर उभा असताना म्हटलं.

आणि मतदानाच्या दिवशी शाळेच्या वर्गात, पुठ्ठ्याच्या आडोशामागे, शाई लावलेलं बोट घेऊन मी यंत्रापुढे उभा राहिलो, तेव्हा माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. वाचकहो, वाणिज्य शाखेच्या पदवीधराला मतदान केंद्रात एकटं सोडू नये. मला आठवलं, पाइपलाइन अजून आमच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबली आहे. सभागृहात एकटा अपक्ष काय करणार? ठराव मांडायला उभा राहिला तर त्याला अनुमोदन कोण देणार, कपबशी? शिवाय ते निवडून येणारच नाहीत, हे दगडावरची रेघ होती. मग मत वाया का घालवा? भांडवल बुडीत धंद्यात घालू नये हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं. मी जिंकणार त्याचं बटण दाबलं. यंत्राने बीप केलं. त्या बीपमध्ये मला ओम्नीच्या हॉर्नचा भास झाला; पण मागे रांग होती.

निकाल लागला. एकशेपंधरापैकी शंभराहून अधिक जागा बहुजन विकास आघाडीने जिंकल्या. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने विषय संपला. आमच्या इमारतीच्या दृष्टीने तिथे तो सुरू झाला.

कागदी मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळायची सोय होती. कुठल्या गल्लीने कुणाला दिलं, ते त्या ढिगात हरवून जायचं. यंत्र आलं आणि ही अब्रू गेली. एकेक यंत्र उघडतात, आकडा वाचतात, उमेदवाराचा माणूस समोर बसून तो लिहून घेतो. अमुक खोली, अमुक यंत्र, अमुक मतं. सगळ्या यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं 'टोटलायझर' नावाचं उपकरण वापरावं असं निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं होतं. ते काही झालं नाही. त्याचा सगळ्यांत मोठा तोटा कुणाला झाला असेल तर तो मला.

आमची सोसायटी आणि शेजारच्या दोन इमारती मिळून एक खोली होती. त्या खोलीतल्या यंत्रात कपबशीला मतं पडली अकरा.

अकरा! आमच्या एकट्या सोसायटीत दोनशेच्या वर मतदार. सेक्रेटरींच्या घरातलीच चार: ते, त्यांच्या मिसेस, आई आणि मुलगा. म्हणजे उरली सात. आता पुढची गंमत पाहा. निकालाच्या संध्याकाळपासून जो भेटेल तो त्यांचा हात हातात घेऊन म्हणू लागला, "काही का होईना सेक्रेटरी, आपलं मत तुम्हालाच होतं हं!" मी कॅशियर म्हणून काम केलेला माणूस. मला मोजायची सवय. आठवड्याभरात, नुसतं माझ्या कानावर आलेलं धरून, अशी एकोणसत्तर माणसं झाली. जमा बाजूला सात, नावे बाजूला एकोणसत्तर.

बँकेत संध्याकाळी कॅश जुळली नाही तर घरी जाता येत नाही. दहा रुपये कमी पडले तरी सगळी व्हाउचरं पुन्हा काढतात, ड्रॉवर उपडे करतात, शेवटी कॅशियर खिशातून भरतो. इथे बासष्ट मतांची तूट होती आणि सगळे निवांत घरी गेले होते. आणि लपवून काय करायचं, एकोणसत्तरातला एक मी होतो. त्यांनी विचारलंही नव्हतं. ते जिना चढत होते, मी उतरत होतो. मध्येच गाठ पडली. नुसतं "नमस्कार" म्हणून पुढे जाता आलं असतं. कायद्यानेसुद्धा मला ती मुभा दिली आहे: लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्यात असं कलमच आहे, की तू कुणाला मत दिलंस हे सांगायला कुणालाही भाग पाडता येणार नाही. पण कायदा गप्प बसायची मुभा देतो, थापा मारायची नाही. मी थांबलो आणि म्हणालो, "आमच्या घरची मतं तर तुम्हालाच होती."

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. खिशातून छोटी वही काढली (तिच्यात टँकरचे नंबर असायचे), आणि म्हणाले, "ठाऊक आहे हो. अकरा माणसांची यादी केली मी. पाचव्या नंबरला तुम्ही आहात."

त्या पाचव्या नंबराने माझी जी झोप उडवली, ती पुढे कित्येक वर्षं अधूनमधून उडत राहिली. वास्तविक माझा युक्तिवाद भक्कम होता. त्यांना दीडदोन हजारांच्या फरकाने हार पत्करावी लागली होती; माझ्या एका मताने काय होणार होतं? एका मताने काय होतं, याची उदाहरणं मी नंतर मुद्दाम गोळा केली, स्वतःच्या बचावासाठी. आणि ती सगळी माझ्याविरुद्धच साक्ष द्यायला उभी राहिली. १९९९ च्या एप्रिलमध्ये वाजपेयींचं सरकार लोकसभेत एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने हरले. मुख्यमंत्रिपदासाठी नाव घेतलं जात होतं त्यांचं. आपल्या मुंबईत २०१७ च्या महापालिका निवडणुकीत भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर या दोघांनाही ५,९४६ मतं पडली. फेरमोजणी झाली, शेवटी चिठ्ठी काढली आणि शहा निवडून आले. म्हणजे त्या वॉर्डात 'माझ्या एका मताने काय होतंय' म्हणून घरी झोपलेला जो कोणी एक असेल, त्याच्या जागी एक चिठ्ठी जाऊन मत देऊन आली. त्याच वर्षी इंग्लंडात नॉर्थंबरलंडच्या कौन्सिलात एका जागेवर असंच झालं. तिथे दोघा उमेदवारांनी काड्या ओढल्या. आखूड काडी ज्याच्या हाती आली त्याच्या पक्षाचं बहुमत त्या एका जागेने हुकलं. लोकशाहीची जननी म्हणवणाऱ्या देशात शेवटी निकाल लागतो तो आम्ही लहानपणी 'राज्य कुणावर' हे ठरवायचो त्या रीतीने, हे वाचून मला बरं वाटलं; पण तेवढंच.

कारण माझी अडचण मताची नव्हतीच. मत कुणालाही द्यावं. पाण्यासाठी द्यावं, रस्त्यासाठी द्यावं, फोटो आवडला म्हणून द्यावं. ओम्नी ढकलली म्हणून मत द्यायचं असेल तर तो एक प्रकारचा सौदाच झाला, आणि नगरसेवक निवडायचा तो ओम्नी ढकलण्यासाठी नव्हे. असंही मला मनापासून वाटतं. म्हणजे पुठ्ठ्यामागे मी जे केलं त्याची मला फारशी लाज नाही. लाज आहे ती जिन्यात जे केलं त्याची. मी त्यांना मत दिलं नाही, हे ठीक. ते दिल्याचं पुण्य मात्र मी घेतलं.

बी.कॉम.ला तत्त्वज्ञान नसतं. जॉन स्टुअर्ट मिल आम्हाला भेटला तो अर्थशास्त्राच्या पेपरात, पाच मार्कांच्या टिपेपुरता. पुढे रिकामपणी वाचताना कळलं की या मिलसाहेबांचा गुप्त मतदानालाच विरोध होता. १८६१ साली लिहिलेल्या पुस्तकात ते म्हणतात, मत ही माझी खासगी मालमत्ता नव्हे; ती लोकांच्या वतीने माझ्याकडे दिलेली ठेव आहे. मग ठेवीचा हिशेब चारचौघांदेखत नको का द्यायला? पडद्याआड गेला की माणूस स्वतःच्या फायद्याचं तेवढं बघतो, अशी त्यांना धास्ती होती. मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून नळ बंद आहे का बघून आलो. दीडशे वर्षांपूर्वी लंडनात बसून या माणसाला बोळिंजची पाइपलाइन कशी दिसली असेल?

गंमत म्हणजे मिलचे वडील जेम्स मिल हे गुप्त मतदानाचे कट्टर पुरस्कर्ते. म्हणजे त्या घरात बापलेकांचं यावरून एकमत नव्हतं. आणि आमच्या घरात नवराबायकोचं नव्हतं, हे मला पुढे कळायचं होतं.

त्या काळी इंग्लंडात मतदान उघड चालायचं. कुणी कुणाला मत दिलं याची नावनिशीवार पुस्तकं छापून विकली जात. क्षणभर कल्पना करा: बोळिंज नाक्यावर भाजीच्या गाडीशेजारी आपल्या वॉर्डाचं असं पुस्तक टांगलं आहे, 'नवीन आवृत्ती, किंमत दहा रुपये'. घराघरांतून किती रामायणं झाली असती! पण तिथे खरी रामायणं झालीच. जमीनदार कुळांना हाकलत, मालक नोकरांना काढत, म्हणून तर १८७२ साली गुप्त मतदानाचा कायदा आला. त्या कायद्याखालची पहिली पोटनिवडणूक यॉर्कशरमध्ये पाँटिफ्रॅक्टला झाली. हे गाव ज्येष्ठमधाच्या गोळ्यांसाठी प्रसिद्ध. मतपेटीला लाखेचं सील करायला त्यांनी त्या गोळ्यांवर उमटवायचा शिक्का वापरला. ती पेटी तिथल्या संग्रहालयात अजून आहे. गुप्त मतदानाचा जन्मच असा गोड तोंडाने झाला. घसा साफ करून गोड बोलायचं, आणि आत काय आहे ते सीलबंद.

मग मी आपल्या पुराणांकडे वळलो. तिथे पळवाट सापडेल अशी मला आशा होती. कर्णपर्वात कौशिक नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट आहे. सदा सत्य बोलायचं असं त्याचं व्रत. चोरांना भिऊन काही माणसं रानात लपली. चोरांनी येऊन विचारलं, तर या महाशयांनी बोट दाखवून खरं सांगितलं. माणसं मेली आणि कौशिक नरकात गेला. म्हणजे खरं बोलण्यानेही नरक मिळू शकतो! मला क्षणभर हुरूप आला. (जर्मनीच्या कांटने १७९७ साली नेमका उलटा निकाल दिला: खुनी दारात येऊन तुझा मित्र कुठे लपलाय विचारू लागला तरी खोटं बोलायचं नाही. कांटसाहेबांच्या आळीत कधी महापालिकेची निवडणूक झाली नसावी.) पण कौशिकाच्या गोष्टीतला खोटेपणा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी हवा होता. जिन्यात मी कुणाचा जीव वाचवत होतो? जे काही वाचवलं ते स्वतःचं तोंड. धर्मराजाचा रथ अर्धसत्यामुळे चार बोटं खाली आला म्हणतात. माझी सेकंडहँड स्कूटर तशी आधीपासूनच जमिनीला टेकलेली होती, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही इतकंच.

एक बाजू मात्र राहते, आणि ती मी अजूनही निकालात काढू शकलेलो नाही. निवडणूक हरल्यावर सेक्रेटरी आता सगळं सोडून देतील असं आम्हाला वाटलं होतं. अकरा मतं पडल्यावर कुणीही सोडलं असतं. त्यांनी नाही सोडलं. गल्लीच्या तोंडाशी अडलेल्या पाइपलाइनसाठी त्यांनी कचेरीत एवढे अर्ज केले, की शेवटी अर्ज ठेवायला जागा नाही म्हणून पाइप टाकला असावा. (मी ज्याला मत दिलं त्याने टाकला, की ज्यांना दिलं नाही त्यांनी टाकवला, हा वाद आमच्या गच्चीत अजून चालू आहे.) एकदा मी विचारलं, एवढं कशाला करता? तर खिशातल्या वहीवर थाप मारून म्हणाले, "अकरा माणसं आहेत ना."

बँकेत बनावट नोट आली की तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करतात. आणणाऱ्याला परत देत नाहीत. पण आमच्या काउंटरवर येईपर्यंत ती नोट किती हातांतून गेलेली असते! तिने भाजी घेतलेली असते, औषध घेतलेलं असतं, कुणाच्या पोराची फी भरलेली असते. खोट्या नोटेवर खरा माल आलेला असतो. मी सेक्रेटरींच्या वहीत पाचव्या पानावर असाच चलनात होतो. मग काउंटरवर जाऊन स्वतःला जप्त करून घ्यावं, की चालू द्यावं? कबुली दिली तर माझं मन हलकं होईल. पण त्यांची अकराची दहा होतील. आणि उरलेल्या दहांबद्दल त्यांना शंका येऊ लागेल, ते वेगळंच. माझ्या मनाच्या स्वच्छतेसाठी त्यांच्या घरात पाणी का ओतायचं? हा विचार मला फार उदात्त वाटायचा. नंतर लक्षात यायचं, की जो उदात्त विचार आपल्याला काहीच करायला लावत नाही, तो जरा उजेडात धरून पाहायला हवा, पाचशेच्या नोटेसारखा.

शेवटी एका रात्री मी आमच्या हिच्याजवळ कबूल केलं. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या हो, सगळेच तसं करतात. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी दिलं होतं."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? कपबशीला."

"अगं, मग मला बोलली नाहीस ते?"

"गुप्त असतं ना!" आणि शेंगांचा दोरा काढता काढता पुढे म्हणाली, "तुम्ही आदल्या रात्री कागदावर फायदा-तोट्याचा हिशेब मांडत होतात. म्हटलं, एवढा हिशेब करणारा माणूस काय कपबशीला मत देतोय!"

म्हणजे 'आमच्या घरची मतं' हे माझं जिन्यातलं वाक्य निम्मं खरं होतं, आणि ते मलाच ठाऊक नव्हतं. एवढ्यावर मला सुटका मिळावी असं मी स्वतःशी बरंच भांडलो. मिळाली नाही.

महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली. मग कोरोना आला, मग प्रशासक आले, मग तारखा आल्या आणि गेल्या. पुढची निवडणूक उजाडली ती थेट १५ जानेवारी २०२६ ला, साडेदहा वर्षांनी. या वेळी पद्धत नवी. जागा त्याच एकशेपंधरा, पण प्रभाग एकोणतीस, आणि एक सोडून बाकी सगळ्या प्रभागांत चार-चार नगरसेवक. म्हणजे मतदाराला चार मतं. "मत तुम्हालाच" हे वाक्य चौघांना सांगून ते खरंसुद्धा करायची सोय सरकारने करून दिली होती. माझ्यासारख्यांवर हा केवढा उपकार! (चारही जागा वेगवेगळ्या असतात, एकाच जागेवरच्या दोघांना सांगता येत नाही, हे नंतर कळलं. सरकारी सवलतीत बारीक अक्षरं असतातच.)

मतदानाच्या आदल्या दिवशी संक्रांत होती. संध्याकाळी सेक्रेटरी तिळगूळ घेऊन आले. आता ते थकलेत. सोसायटीत नवा सेक्रेटरी आला आहे, तो सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर करतो आणि पंप आपोआप चालू होतो. पण आम्ही ह्यांनाच सेक्रेटरी म्हणतो. नव्याला नावाने हाक मारतो.

"तिळगूळ घ्या, गोड बोला," म्हणाले. खुर्चीत टेकले. "मग, उद्या कुणाला?"

तोंडात तिळगूळ होता. समोर चारपाच नावं, दोनतीन पक्ष, आणि सवयीने जिभेवर आलेलं एक गोड वाक्य. मी ते तिळगुळाबरोबर गिळलं आणि म्हणालो, "सेक्रेटरी, ते गुप्त असतं."

ते एकदम हसले. खोकला येईपर्यंत हसले. ही आतून पाणी घेऊन धावत आली.

"दहा वर्षांपूर्वी जिन्यात हेच म्हणाला असतात," ते म्हणाले, "तर तुमचा चेहरा एवढा पडला नसता हो."

मी हिच्याकडे पाहिलं. हिने छताकडे पाहिलं.

"वहिनींनी तेव्हाच आमच्या हिला सांगितलं होतं. म्हणाल्या, माझं तुम्हालाच आहे, ह्यांचं मला सांगता येत नाही, हे कॉमर्सचे आहेत."

"पण मग ती वही?" मी विचारलं. "पाचवा नंबर?"

"मत वहिनींचं. नाव मात्र तुमचं टाकलं." त्यांनी डोळे मिचकावले. "जॉइंट अकाउंट असतं ना तुमच्याकडे? आयदर ऑर सर्व्हायव्हर?"

ही चहा घेऊन आली. मगांची फॅशन आल्यापासून आमच्याकडे कपबशा वरच्या फळीवर गेल्या आहेत. आज तिने शोधून काढलेल्या दिसल्या. सेक्रेटरींनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, आणि नव्या पंपाचा आवाज बरोबर येत नाही, बेअरिंग गेलं असावं, सकाळी मतदानाला जाण्याआधी जरा माझ्याबरोबर खाली या, असं मला सांगितलं.